भोंगा वाजवून पाहायचा, पण कधी?

20 जुलै 2023, गुरुवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास महाराष्ट्रातले असंख्य मोबाईल एकाएकी कर्कश आवाजात वाजू लागले. पडद्यावर चौकट उमटली होती, वर मोठ्या अक्षरांत आणीबाणीचा इशारा. पुढचा मजकूर वाचला की उलगडा होत होता: केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने पाठवलेला हा चाचणीचा संदेश होता. ज्यांनी तो शेवटपर्यंत वाचला ते सावरले. ज्यांना वाचता आला नाही, त्यांनी शेजाऱ्याकडे धाव घेतली.

नेमक्या त्याच वेळी दूरचित्रवाणीवर इर्शाळवाडीची दृश्यं सुरू होती. आदल्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात डोंगराचा कडा या आदिवासी वाडीवर कोसळला होता. पुढच्या चार दिवसांत 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं कायमची बेपत्ता झाली. वाडीवर जायला गाडीरस्ता नव्हता. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचं नावही नव्हतं. कोकणपट्टीत धो धो पाऊस पडत होता आणि डोंगराच्या पायथ्याशी राहणारा प्रत्येक माणूस धास्तावलेला होता. त्याच सकाळी हातातला फोन किंचाळला आणि म्हणाला, ही चाचणी आहे.

चाचणीची तारीख ठरवणाऱ्यांना आदल्या रात्री काय होणार हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. चाचणी स्वतः वाईट नव्हती, उलट फार गरजेची होती. पण त्या सकाळी ती पुढे ढकलायला हवी होती. इशारा देणारी यंत्रणा तपासायची कधी, हा वरवर कारकुनी वाटणारा प्रश्न आहे. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत त्याच्या उत्तरावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

धरणांच्या सावलीतली गावं

ठाणे जिल्ह्याच्या नकाशात पूर्वेला सह्याद्रीला टेकलेले हे दोन तालुके. शहापूरच्या डोक्यावर कसारा घाट, मुरबाडच्या डोक्यावर माळशेज. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण साठवणक्षमता 14,47,363 दशलक्ष लिटर आहे आणि त्यातलं 7,17,037 दशलक्ष लिटर पाणी शहापूरच्या एकट्या भातसा धरणातून मिळतं. तानसा धरणही याच तालुक्यातलं, 1892 सालचं. मुरबाडच्या हद्दीला लागून बारवी धरण आहे. औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणावर कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर आणि आसपासचे कारखाने जगतात. उन्हाळ्यात या तालुक्यांतल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात, आणि पावसाळ्यात त्याच पाड्यांना धरणातून सुटणाऱ्या पाण्याची भीती असते.

बारवीचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. धरणाची उंची वाढवल्यानंतर त्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. पाण्याची पातळी 72.60 मीटरला पोचली की दरवाजे आपोआप उघडतात. त्यासाठी कोणी कळ दाबावी लागत नाही, वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. म्हणून पाणी 71 मीटरच्या पुढे चढू लागलं की खालच्या गावांना आधीच कळवावं लागतं. आस्नोली, चांदप, पिंपळोली, चोण, रहाटोली ही नदीकाठची गावं दर पावसाळ्यात इशाऱ्याच्या पत्रात असतात: पात्रात उतरू नका, गुरं नदीकडे नेऊ नका, पर्यटकांना अडवा. पत्र तहसीलदारांकडून निघतं, पोलीस पाटलाकडे येतं, तिथून सरपंच, कोतवाल, मग पाडा. यातला एक जण जरी त्या रात्री मोबाईलच्या टप्प्यात नसला तरी साखळी तिथेच तुटते, पाणी मात्र थांबत नाही.

भातसाच्या दरवाजांतून विसर्ग वाढला की शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या सापगाव पुलाकडे सगळ्यांचे डोळे लागतात. पुढे हेच पाणी खडवलीकडे जातं. 4 ऑगस्ट 2019 रोजी खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावात पुराच्या वेढ्यात अडकलेल्या 58 जणांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. त्याच्या आठवडाभर आधी, 27 जुलैला, उल्हास नदीच्या पुरात वांगणी आणि बदलापूरच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. हजाराहून अधिक प्रवासी रूळांवरच्या पाण्यात कित्येक तास बसून होते. उल्हास, बारवी, काळू, भातसा या नद्यांचं पाणी शेवटी खाडीकडे एकाच खोऱ्यातून जातं. डोंगरात झालेल्या पावसाचा हिशेब खालच्या गावांना काही तासांत चुकवावा लागतो.

जमिनीचंही सांगता येत नाही. भातसा धरण भरू लागल्यावर 1983 च्या मे महिन्यापासून खर्डी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. 15 सप्टेंबर 1983 चा धक्का रिश्टर मापावर जवळपास 5 तीव्रतेचा होता. जलाशयामुळे चाळवल्या जाणाऱ्या भूकंपांचं हे उदाहरण भूगर्भशास्त्रज्ञ अजूनही अभ्यासतात.

अमेरिकेतला नियम आणि दोन फजित्या

इशारा देणाऱ्या यंत्रणेची चाचणी केव्हा घ्यावी याचा सर्वांत बारकाईने विचार अमेरिकेतल्या रेडिओने केला आहे. तिथे प्रत्येक रेडिओ केंद्राला आणि दूरचित्रवाणी वाहिनीला इमर्जन्सी अलर्ट सिस्टीमच्या दोन प्रकारच्या चाचण्या कायद्याने घ्याव्या लागतात. पहिली आठवड्याची. ती कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी घ्यायची. तिच्यात निवेदन नसतं, नुसते काही सेकंदांचे सांकेतिक ध्वनी असतात. केंद्राची यंत्रं जागी आहेत ना, एवढंच ती पाहते. दुसरी महिन्याची. ती राज्यभर एकदम होते, वरच्या केंद्राकडून आलेला संदेश खालच्या प्रत्येक केंद्राने 60 मिनिटांच्या आत पुढे लावायचा असतो. महिन्याच्या चाचणीच्या वेळेचा नियम मोठ्या विचाराने केलेला आहे. जानेवारी, मार्च, मे अशा विषम महिन्यांत ती सकाळी साडेआठ ते सूर्यास्त या वेळात घ्यायची. फेब्रुवारी, एप्रिल, जून अशा सम महिन्यांत सूर्यास्त ते सकाळी साडेआठ या वेळात, म्हणजे रात्रीची. संकट कार्यालयाच्या वेळा पाळत नाही, म्हणून यंत्रणेची परीक्षाही दिवसा आणि रात्री अशी दोन्ही वेळा व्हायला हवी.

रात्रीची परीक्षा का, हे उत्तर डकोटा राज्यातल्या मायनॉट शहराने पाहिलं आहे. 18 जानेवारी 2002 च्या मध्यरात्रीनंतर तिथे मालगाडी घसरली आणि अमोनिया वायूचा ढग वस्तीवर पसरला. पोलिसांनी रेडिओ केंद्राशी संपर्क साधायचा प्रयत्न केला, पण वेळेवर कोणी हाती लागलं नाही. एक माणूस दगावला, शेकडो लोकांना त्रास झाला. दोष पोलिसांचा की केंद्राचा यावर नंतर बराच वाद झाला. रात्री दीड-दोन वाजता ही साखळी चालते का, हे आधी कोणीतरी तपासलं असतं तर वादाची वेळच आली नसती.

ठरलेल्या वेळेचाही एक धोका असतो. शनिवार, 20 फेब्रुवारी 1971. दर शनिवारी सकाळी 9 वाजून 33 मिनिटांनी अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांना चाचणीचा संदेश जात असे. त्या दिवशी कर्मचाऱ्याने चुकून दुसरी फीत यंत्रात घातली आणि देशभर खऱ्या राष्ट्रीय आणीबाणीचा संदेश गेला, सोबत खरेपणाची खूण असलेला गुप्त शब्दसुद्धा. काही केंद्रांनी लागलीच कार्यक्रम थांबवून आणीबाणी जाहीर केली. पण अनेकांनी संदेशाच्या कागदाकडे पाहिलंच नाही. शनिवारची वेळ आहे, चाचणीच असणार, असं त्यांनी गृहीत धरलं. चूक दुरुस्त करायला पाऊण तासाच्या आसपास लागला. संदेश खरा असता तर तेवढा वेळ देश गाफील राहिला असता.

हवाई राज्यात 13 जानेवारी 2018 ला उलटं झालं. सकाळी आठला पाळी बदलत असताना अंतर्गत सराव सुरू केला गेला. एका कर्मचाऱ्याला तो सराव वाटला नाही. 8 वाजून 7 मिनिटांनी क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा राज्यातल्या सगळ्यांच्या फोनवर गेला. दुरुस्तीचा संदेश पोचायला 38 मिनिटं लागली. तोवर आईबापांनी लेकरांना न्हाणीघरात, तळघरात कोंबलं होतं. एक माणूस जातोय आणि दुसरा येतोय अशा घटकेला सराव नको, हा धडा तिथल्या प्रशासनाने सर्वांदेखत शिकून घेतला.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की अमेरिकेच्या नियमामागची अक्कल उमगते. जनतेच्या कानावर पडणारी चाचणी आधी जाहीर केलेली असावी, आणि कर्मचाऱ्यांची चाचणी अचानक असावी. दोन्ही एकात मिसळल्या की दोन्ही फसतात.

बाकीच्या जगाची घड्याळं

जपानमध्ये आणीबाणी प्रसारणाची यंत्रणा 1 सप्टेंबर 1985 ला सुरू झाली. तेव्हापासून एन.एच.के. ही सार्वजनिक प्रसारण संस्था दर महिन्याच्या 1 तारखेला सकाळी 11 वाजून 59 मिनिटांनी चाचणीचा ध्वनी लावते. जानेवारीत मात्र 1 तारखेऐवजी 4 तारखेला, कारण नववर्षाच्या दिवशी लोकांना दचकवायचं नाही. नेदरलँड्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी 12 वाजता गावोगावचे भोंगे वाजतात, आणि तो दिवस सणाचा किंवा स्मृतिदिनाचा असेल तर वाजत नाहीत. ब्रिटनने मोबाईलवरच्या इशाऱ्याची पहिली देशव्यापी चाचणी 23 एप्रिल 2023 ला, रविवारी दुपारी 3 वाजता घेतली. तिथे राहणाऱ्या मराठी घरांतही तो आवाज घुमला. काहींच्या फोनवर तो एक मिनिट आधी आला, एका कंपनीच्या अनेक ग्राहकांच्या फोनवर आलाच नाही. चाचणीचा उपयोग हाच. आपत्तीच्या दिवशी जी फट दिसली असती ती रविवारच्या दुपारी दिसली.

मोबाईलच्या या पद्धतीला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. टॉवरच्या टप्प्यात जेवढे फोन असतील तेवढ्यांवर संदेश एकदम उमटतो, त्यासाठी कोणाचा नंबर लागत नाही आणि एसएमएससारखी रांगही लागत नाही. आपल्याकडे सी-डॉट या सरकारी संस्थेने ही यंत्रणा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी उभी केली आणि 2023 मध्ये देशभर तिच्या अनेक चाचण्या झाल्या.

भारतालाही ठरलेल्या वेळेच्या भोंग्याची सवय नाही असं नाही. 30 जानेवारीला हुतात्म्यांच्या स्मरणार्थ 10 वाजून 59 मिनिटांनी भोंगा वाजवावा, 11 वाजता दोन मिनिटं स्तब्धता पाळावी आणि 11 वाजून 2 मिनिटांनी पुन्हा भोंगा व्हावा, अशी केंद्रीय गृह मंत्रालयाची जुनी सूचना आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावात रोज संध्याकाळी 7 वाजता भोंगा होतो आणि घराघरांत टीव्ही-मोबाईल बंद होऊन मुलं अभ्यासाला बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा, मग मोकळीक. गावाने एकत्र बसून वेळ ठरवली की भोंग्याला मान मिळतो, हे वडगावने दाखवून दिलं आहे.

मान टिकवावाही लागतो. अमेरिकेत आणीबाणीचा ध्वनी विनोदी कार्यक्रमात वापरल्याबद्दल एबीसी वाहिनीला 2019 मध्ये 3 लाख 95 हजार डॉलर दंड झाला. आपल्याकडे 7 मे 2025 रोजी देशातल्या 244 नागरी संरक्षण जिल्ह्यांत 'ऑपरेशन अभ्यास' हा सराव घेण्याचं जाहीर झालं. त्यानंतर वृत्तवाहिन्या बातम्यांच्या मागे हवाई हल्ल्याचा भोंगा सर्रास वाजवू लागल्या. तेव्हा केंद्राने 10 मे रोजी त्यांना बजावलं की जनजागृतीखेरीज हा आवाज वापरू नका. सतत कानावर पडलेला भोंगा लोक ऐकेनासे होतात. मोबाईलवरचं तेच. ऐन कामात दोन-तीनदा नाहक दचकलेला माणूस सेटिंगमध्ये जाऊन आणीबाणीचे इशारेच बंद करून टाकतो.

पाड्याचं वर्ष, पाड्याचा दिवस

आता प्रश्न शहापूर-मुरबाडचा. इथल्या माणसाचं वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, भातावर चालतं.

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं बोचकी बांधतात आणि भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. लेकरंबाळं, म्हातारी माणसं, कोंबड्यासुद्धा सोबत. पाडा ओस पडतो. ही माणसं परततात ती पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, आर्थिक वर्ष संपण्याआधी उरकून टाकलेली चाचणी ज्यांच्या घरांवर डोंगर उभा आहे त्यांच्या कानावर पडतच नाही. 13 ऑक्टोबर हा आपत्ती धोके कमी करण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. त्या दिवशी भाषणं होतात, पोस्टर लागतात. पण तेव्हा इथला पाऊस परतीला लागलेला असतो आणि शेतकरी भातकापणीच्या तयारीत असतो. इशाऱ्याची पहिली चाचणी या भागात मे अखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी. पाऊस साधारण 10-11 जूनला मुंबई-ठाण्यात दाखल होतो. त्याआधी वीटभट्टीवरची माणसं घरी आलेली असतात, राब भाजून झालेले असतात, आणि यंत्रणेत सापडलेली खोट दुरुस्त करायला थोडे दिवस हातात असतात.

वेळही माणसांच्या दिवसाप्रमाणे ठरवायला हवी. सकाळी साडेदहा ही शहरातल्या कार्यालयाची सोयीची वेळ आहे. पाड्यावर त्या वेळी घरात म्हातारी आणि पाळण्यातलं पोर असतं. बाकीचे रानात, मजुरीवर, नाहीतर कल्याणला जाणाऱ्या गाडीत. पहिल्या जाहीर चाचणीसाठी संध्याकाळी साडेसहा ते साडेसात ही वेळ बरी. चुली पेटलेल्या असतात, गुरं परतलेली असतात, पोरं अंगणात असतात आणि कोणी झोपलेलं नसतं.

दुसरी चाचणी जुलैत, आवणीच्या दिवसांत, भर दुपारी. तेव्हा सगळा गाव खाचरात चिखलात उभा असतो. फोन घरी खुंटीला किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बांधावर ठेवलेला. अंगावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद, त्यावर पावसाचा आवाज. अशा वेळी इशारा ऐकू येतो का, हे मंत्रालयात बसून सांगता येणार नाही, खाचरात उभं राहूनच सांगता येईल. मात्र त्या दिवशी हवामान खात्याने लाल किंवा नारिंगी इशारा दिलेला असेल, धरणातून विसर्ग सुरू असेल, किंवा राज्यात कुठेही मोठी दुर्घटना झाली असेल, तर चाचणी आपोआप रद्द झाली पाहिजे. हा नियम आधीच लिहून ठेवावा. ऐनवेळी कोणाच्या तारतम्यावर तो सोडू नये.

तिसरी चाचणी रात्रीची, आणि ती गावासाठी नाही. रात्री दोन वाजता भोंगा वाजवून थकलेल्या माणसांना उठवण्यात काही अर्थ नाही. पण जिल्हा नियंत्रण कक्षातून तहसीलला, तिथून मंडल अधिकारी आणि पोलीस पाटलाला, धरणावरून नदीकाठच्या सरपंचाला फोन लागतो का, हे न सांगता तपासायलाच हवं. 2 जुलै 2019 ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं. इर्शाळवाडी रात्रीच गाडली गेली. लातूरचा 1993 चा भूकंप पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला. आंबेगाव तालुक्यातलं माळीण 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगराखाली गेलं, आणि गाव दिसत नाही ही खबर बाहेर पोचली ती एसटीच्या चालकामुळे. यातली एकही घटना कार्यालयाच्या वेळेत घडलेली नाही.

कोणत्या वाटेने?

मोबाईलवरचा इशारा वेगवान आहे, पण तो टॉवरवर अवलंबून आहे. मुसळधार पावसात वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली की घाटपायथ्याचे पाडे अंधारात जातात आणि मुके होतात. डोंगराच्या पोटातल्या कित्येक वस्त्यांवर एरवीही नेटवर्क मिळवायला टेकाडावर चढावं लागतं. साधा बटणांचा फोन अनेकदा हा संदेश दाखवतच नाही.

रेडिओची गोष्ट वेगळी. चार सेलच्या जोरावर तो आठवडाभर चालतो. आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि सह्याद्रीच्या सोंडेआड अडतात. म्हणून कोणत्या पाड्यावर कोणतं केंद्र लागतं हे चाचणीच्या दिवशीच लिहून काढलं पाहिजे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, पण हवामान आणि नैसर्गिक आपत्तीची माहिती देता येते, असं 2011 च्या धोरणात नमूद आहे. कसाऱ्याहून आणि मुरबाडहून कल्याणकडे रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांमध्ये रेडिओ लागलेला असतो. पूल पाण्याखाली गेल्याची खबर त्या चालकांना सर्वांत आधी मिळायला हवी. 2021 च्या जुलैत कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या रायते पुलाचा जोडरस्ता वाहून गेला होता, ते चालक अजून विसरलेले नाहीत.

आणि शेवटचा टप्पा माणसाचाच. देवळावरचा कर्णा, शाळेची घंटा, कोतवालाची दवंडी, पाड्यावरचा एखादा पायाने चपळ पोरगा. चाचणीत हे सगळे आले पाहिजेत. संदेश साध्या बोलीत असावा. 'सतर्कतेचा इशारा देण्यात येत आहे' असं म्हटल्याने कोणाला काही करावंसं वाटत नाही. त्याऐवजी असं म्हणता येईल: "ही चाचणी आहे. आज धोका नाही. खरा इशारा असेल तेव्हा हाच आवाज सलग होईल. तेव्हा नदीपासून लांब जा, गुरं सोडून द्या, शाळेच्या माळावर जमा." सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा 'ही चाचणी आहे' हे शब्द हवेत. आवाज आणि वाक्यं दोन्ही दर वेळी तीच ठेवावीत, म्हणजे ती पाठ होतात. कातकरी आणि ठाकर वस्त्यांवर तेच त्यांच्या बोलीत, त्यांच्यातल्याच कोणाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावं.

चाचणी झाली की काम संपलं असं समजण्याची आपल्याकडे खोड आहे. खरं काम तिथून सुरू होतं. दुसऱ्या दिवशी आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका घरोघर जातातच. त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: ऐकू आलं का, कशातून ऐकू आलं, आणि कळलं का? ज्या पाड्यांनी 'नाही' म्हटलं त्यांची यादी तहसील कार्यालयाच्या फलकावर लागावी आणि पुढच्या चाचणीपर्यंत तिथे काय केलं हे समोर लिहिलेलं असावं. धरण सुरक्षा कायदा 2021 पासून मोठ्या धरणांच्या मालकांवर आपत्कालीन कृती आराखडा करण्याचं बंधन आहे. त्या आराखड्याची ओळख नदीकाठच्या गावांना व्हायची असेल, तर ती कागदांतून होणार नाही, अशा सरावातूनच होईल.

यासाठी नवा कायदा नको, मोठा निधीही नको. महाराष्ट्रात 1 मेला ग्रामसभा असते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या प्रत्येक नदीकाठच्या आणि डोंगरपायथ्याच्या ग्रामपंचायतीने त्या सभेत दोन ओळींचा ठराव करावा: आमच्या गावात इशाऱ्याची जाहीर चाचणी जूनच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी 7 वाजता व्हावी, आणि धोक्याच्या दिवशी कोणतीही चाचणी होऊ नये. ठराव तहसीलदारांना, धरण व्यवस्थापनाला आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्राला पाठवावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. तो घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, आणि चाचणीच्या दिवशी तुमच्या पाड्यावर आवाज आला नाही तर त्याच रात्री फोन करून सांगा.